बुरशीची पेटी

गुरुवारी दुपारी दारात पेटी आली तेव्हा रंगारी घरात एकटाच होता, आणि एकट्या माणसाच्या हाती बंद पेटी आली की ती तासभर बंद राहिली असं कधी झालेलं नाही. बुटांच्या खोक्याएवढीच पेटी, पण वजनाला ओल्या विटेसारखी. वर चिकटवलेल्या कागदावर लेकीचं नाव छापलेलं होतं आणि नावाखाली याच घराचा पत्ता. चौदा महिन्यांत त्याने ते नाव ना तोंडाने घेतलं होतं ना कुठे लिहिलेलं पाहिलं होतं. चष्मा लावून त्याने ते दोनदा वाचलं. नाव तिचं म्हणजे पाठवणारी ती, पत्ता आपला म्हणजे घेणारे आपण. इतकी सरळ गोष्ट. सरळ दिसणाऱ्या गोष्टीपाशी जरा थांबावं, हे चाळीस वर्षं भिंती बघितलेल्या माणसाला खरं तर कुणी सांगायला नको होतं.

हत्यारांच्या पिशवीतून त्याने पत्रा काढला. हा त्याचा लांबी म्हणजे पुट्टी भरायचा आणि खरवडायचा पत्रा, निवृत्त झाल्यावरही रोज पुसून ठेवलेला. पेटी उघडली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत भुसा दाबून केल्यासारखा एक ठोकळा होता आणि ठोकळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी लव. त्याने पिशवीला चीर देऊन नाक जवळ नेलं. बंद खोलीचा, ओल्या भिंतीचा वास. हा वास तो झोपेतसुद्धा ओळखेल.

बुरशी!

चौदा महिन्यांनी पोरीने काहीतरी पाठवलं, केक असेल, काही गोडधोड असेल, आणि ते वाटेतच सडलं. असं वाटेपर्यंत हात कामाला लागलेही होते. रंगाऱ्याचे हात डोक्याची परवानगी घेत बसत नसत. बुरशी दिसली की आधी खरवडायची, मग ब्लीचच्या पाण्याने पुसायची, मग वाळवायची, मग लांबी, मग रंग. निदान वरचं गेलं तर आतलं काही वाचेल, अशा आशेने त्याने समोरची बाजू तपकिरी भुसा दिसेपर्यंत खरवडली आणि वरून ब्लीचचं फडकं दोनदा फिरवलं. काम झकास झालं. पांढऱ्याचा एक ठिपका शिल्लक ठेवला नाही. मग पेटी झटकायला म्हणून उलटी केली तर तळातून एक घडीचं पुस्तक आणि पाणी फवारायची छोटी बाटली पडली.

पुस्तकात चित्रं होती. कात्री, बाटली, दहा दिवसांचे दहा गोल आणि शेवटी पंख्यासारख्या मश्रूमचा एक भरगच्च झुबका. चित्रांखाली बारीक अक्षरं होती. त्याने ती ओठ हलवत वाचली. ‘पांढरा थर दिसल्यास घाबरू नका. तोच मश्रूमचा जीव आहे. त्याला हात लावू नका.’

पत्रा अजून त्याच्या हातात होता. तो त्याने हळूच खाली ठेवला.

आता त्या चौदा महिन्यांचं सांगायला हवं. भांडण झालं होतं एका भिंतीवरून. जमिनीवरून, दागिन्यांवरून भांडणारी घरं पुष्कळ असतात, हे आपलं भिंतीवरून. दीड वर्षापूर्वी लेकीने घर घेतलं, बसने अर्ध्या तासावर. मागची लहान खोली नातीला द्यायची ठरली. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. त्या खोलीच्या एका भिंतीत वरच्या मजल्यावरच्या नळाची गळती उतरली होती. नळ दुरुस्त झाला, पण ओल भिंतीच्या पोटात राहिली. रंगाऱ्याने भिंतीवर तळवा टेकला. भिंत गार होती. अशी भिंत वाळायला महिना लागतो, कधी दोन, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण रविवारी सामानाचा ट्रक यायचा होता, आणि लेक भेटेल त्याला सांगत होती की बाबा आहेत, मला कसली काळजी! या वाक्याने त्याची छाती फुगली. शुक्रवारी त्याने लांबी भरली, शनिवारी फिकट पिवळ्याचे दोन हात मारले. रविवारी खोली अशी दिसत होती की पलंग घेऊन आलेले हमालसुद्धा दारात थबकले.

चार महिन्यांत पिवळ्यावर काळे ठिपके उठले, मग पोपडे आले, मग भिंगरीचा खोकला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुठे ओल आहे का. त्याच संध्याकाळी लेक इथे आली आणि दारातच उभी राहून तिने एवढंच विचारलं, “बाबा, भिंत ओली होती हे तुम्हाला माहीत होतं का?”

‘होतं’ एवढा एक शब्द पुरला असता. त्याऐवजी तो म्हणाला, “चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली मी. तू मला शिकवतेस?” मग वरच्या मजल्याचा नळ आला, बांधकामवाल्याची लबाडी आली, हल्लीच्या रंगात पूर्वीचा दम राहिला नाही हेही आलं. लेक सगळं ऐकून घेऊन निघून गेली. तिच्या पाठीवर तो ओरडला, “आता तिकडचं एक अक्षर माझ्या कानावर नको!”

बायको तिथेच उभी होती. ती म्हणाली, “बरं.”

बायकोचं ‘बरं’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीनेही तिकडून तसलंच काहीतरी बजावलं असणार, कारण तेव्हापासून बायको दर गुरुवारी लेकीकडे जाई, संध्याकाळी येई, शिवणाचं मशीन उघडून बसे आणि तोंडातून चकार शब्द काढत नसे. भिंगरीचा खोकला थांबला का, एवढं विचारायला त्याची जीभ चौदा महिने वळवळत होती. पण आपणच घातलेलं कुलूप आपणच उघडायचं म्हणजे किल्ली मागावी लागते, आणि मागणं त्याला कधी जमलं नव्हतं.

तर आता हातात ते पुस्तक, समोर ती खरवडलेली पेटी, आणि डोक्यात नुसता गोंधळ. तो पुस्तक घेऊन कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात गेला. दुकानदार त्याचा जुना दोस्त. गिऱ्हाइकं कमी झाल्यापासून त्याचं तोंड जास्त चालत असे.

“अरे, ही मश्रूमची पेटी आहे,” दुकानदार म्हणाला. “पाणी फवारायचं, दहा दिवसांत मश्रूम. भाजी करून खायची.”

“ते कळलं. पण मश्रूम म्हणजे काय?”

“म्हणजे बुरशीच की! बुरशीचं फळ म्हण.” आणि मग दुकानदाराच्या डोक्यात उजेड पडला. मांडीवर थाप मारून तो म्हणाला, “पोरगी बापावर गेली हो! रंगाऱ्याला बुरशी पाठवली!”

तो हसला तसा रंगाऱ्याचा चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. टोमणा! दुसरं काय? वाढवा म्हणे घरात बुरशी, माझ्या घरी वाढवलीत तशी. येताना रस्ताभर तो चिडत होता. पण घरी येऊन त्याने पेटी पुन्हा फिरवून बघितली तर मागच्या बाजूला एक बाई, एक पुरुष, एक म्हातारा आणि एक लहान मूल पेटीभोवती वाकून हसत असल्याचं चित्र होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘घरच्यांसोबत वाढवा.’ आता हा म्हातारा त्यात कशाला घातला असेल? टोमणा मारायचा तर कुणी म्हातारा हसता दाखवेल का? मग हा समझोता असेल. मी पाठवते, तुम्ही वाढवा, दहा दिवसांनी येते खायला, असं काही असेल. आणि असं असेल तर तिने पाठवलेला समझोता त्याने पहिल्याच दुपारी पत्र्याने खरवडून वर ब्लीच फिरवलं होतं.

टोमणा असेल तर राग धरायला हवा होता, समझोता असेल तर फोन करायला हवा होता. दोन्हींतलं काय ते कळल्याशिवाय काहीच करता येईना.

संध्याकाळी बायको आली. दारातून आत येताच तिची नजर टेबलावरच्या पेटीवर गेली. ती जवळ आली, वरचा कागद तिने वाचला, खरवडलेली बाजू बघितली, वास घेतला.

“हं,” ती म्हणाली.

“हं काय? तिने पाठवलीय. का पाठवली असेल?”

बायकोने मशीनवरचं कापड काढलं आणि सुईत दोरा ओवू लागली.

“अगं, मी विचारतोय.”

“तुम्हीच म्हणालात, तिकडचं एक अक्षर कानावर नको.”

“ते तेव्हा!”

“आणि तीही म्हणाली, बाबांचं काही सांगू नकोस. मी दोघांनाही बरं म्हटलंय. मी काय तुमची टपालवाली आहे?”

मशीन सुरू झालं. एकदा तिने मिठाची गुळणी धरली की तिला बोलतं करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रंगारी मुकाट्याने उठला, बाटलीत पाणी भरलं आणि पेटीवर फवारलं. फवारून काही होणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण न फवारून तर नक्कीच काही होणार नव्हतं.

मग सुरू झाली ती सेवा. सकाळी उठल्यावर फवारा, जेवणाआधी फवारा, संध्याकाळी फवारा. पुस्तकात लिहिलं होतं की ऊन नको, म्हणून पेटी टेबलावरून उचलून त्याने भिंतीलगतच्या कपाटावर ठेवली, खरवडलेली बाजू समोर म्हणजे डोळ्यांदेखत राहील, पाठ भिंतीकडे. पुस्तकात हवा खेळती हवी असंही होतं, म्हणून खिडकी उघडली. वारा थेट नको असंही होतं, म्हणून अर्धी लावली. तिसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन समोर बसायला लागला. आयुष्यभर बुरशी जावी म्हणून धडपडलेला माणूस आता ‘ये गं बाई, ये’ म्हणत तिची वाट बघत होता. हसावं की रडावं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी खरवडलेल्या जागी काही दिसलं नाही. सातव्या दिवशीही नाही. भुसा नुसता ओला, तपकिरी, मेलेला. आठव्या दिवशी पुन्हा गुरुवार आला. बायको लेकीकडे जाऊन आली. येताना तिचा चेहरा जरा वेगळाच होता, हसू दाबल्यासारखा. पर्स खुंटीला लावत तिने विचारलं, “उगवलं का काही?”

“का? तिने विचारलं?”

“मी विचारतेय.”

आता या प्रश्नाचा अर्थ काय लावायचा? चौदा महिन्यांत गुरुवारच्या संध्याकाळी तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. म्हणजे तिकडे पेटीचा विषय निघाला असणार. म्हणजे लेक वाट बघतेय. म्हणजे टोमणा नव्हे, समझोताच. आणि ती वाट बघतेय दहाव्या दिवसाची!

दहाव्या दिवशी सकाळी तो बाजारात गेला. भाजीवालीकडे मश्रूमची पाकिटं होती. त्याने एक एक मश्रूम उलटून, पालटून बघितली.

“काका, भाजीला हवीत ना? मग देठ कशाला बघताय?” भाजीवाली म्हणाली.

“भाजीला नकोत. फोटोला हवीत.”

भाजीवालीने त्याच्याकडे निरखून बघितलं आणि आणखी काही न विचारता पिशवी हातात दिली. घरी बायको मशीनवर होती. त्याने पेटी स्वयंपाकघरात नेली, दार लोटलं आणि कामाला बसला. पिशवीतल्या मश्रूमना दात कोरायच्या काड्या खोचल्या, काड्या भुशात रोवल्या, जिथे फट दिसत होती तिथे लांबी भरली, आणि लांबीला बारीक कुंचल्याने भुशाचा रंग दिला. काम सुंदर झालं. देठ भुशातूनच फुटलाय असं वाटावं, इतका साधलेला. चाळीस वर्षांचा हात होता तो. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. पुस्तकातल्या चित्रात पंख्यासारखी राखाडी मश्रूम होती, आणि त्याने खोचली होती ती गोल, पांढरी, बटणांसारखी.

“अगं, जरा फोटो काढून देतेस?” त्याने हाक मारली. “आणि तिला पाठव. म्हणजे निरोप नाही हं, नुसता फोटो.”

बायको आली. मोबाईल हातात घेऊन ती पेटीसमोर उभी राहिली. शेजारी उघड्या पडलेल्या पुस्तकातलं चित्र बघितलं, पेटीतली बटणं बघितली, कुंचला बघितला, ओट्यावरचा लांबीचा डबा बघितला. ती हसेल म्हणून तो तयारीत होता. चिडेल म्हणूनही तयारीत होता.

“छान दिसतंय,” ती शांतपणे म्हणाली. “त्या खोलीतही छानच दिसत होतं. रविवारी.”

मोबाईल ओट्यावर ठेवून ती मशीनकडे गेली. मशीन मात्र सुरू झालं नाही.

रंगारी स्टुलावर बसला. मग त्याने एक एक काडी उपटली. बटणं ताटलीत ठेवली. ओली लांबी पत्र्याने काढली, भुशाला इजा होऊ न देता, अगदी सावकाश. पेटी पुन्हा कपाटावर, पाठ भिंतीकडे करून ठेवली. लाज त्याला यापूर्वीही वाटली होती, नाही असं नाही, पण तिच्यावर दर वेळी तो काही ना काही लिंपून मोकळा झाला होता. आज लिंपायला काही सापडेना. टोमणा की समझोता हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. पण ते कळायची वाट बघत बसलं तर भिंगरीचं लग्न होईल तरी आपण खुर्चीवरच, एवढं त्याला कळलं. हात धुऊन त्याने फोन लावला. नंबर पाठ होता.

“हॅलो, कोण?” पलीकडून बारीक आवाज आला.

“मी… आजोबा.”

“आजोबा! माझी पेटी उगवली?”

त्याला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. “तुझी पेटी?”

“माझीच तर! बाईंनी सांगितलंय, घरी काहीतरी उगवून शाळेत आणा. सगळ्यांनी मोहरी पेरलीय. मी म्हटलं, मला मश्रूम. आईने मागवली आणि ती तुमच्याकडेच गेली! आई म्हणाली, आजोबांना आवडली असेल तर राहू दे. आजोबा, तुम्हाला आवडली का?”

याला काय उत्तर द्यायचं? आवडली म्हणावं तर मारून टाकली, नाही म्हणावं तर दहा दिवस तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. तो “अं… हो” म्हणाला आणि तेवढ्यात पलीकडे फोन हातातून हातात गेला.

“बाबा?”

वाक्य त्याने जुळवून ठेवलं होतं. ‘बाबा’ हा शब्द कानावर पडला आणि जुळवलेलं सगळं विस्कटलं.

“ती पेटी मी खरवडली,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी. मला वाटलं बुरशी लागलीय. ब्लीचही मारलं. मग बाजारातली मश्रूम खोचली आणि तुला फोटो पाठवणार होतो.”

“काय?”

“नाही पाठवला. आणि ती भिंत ओली होती. मला माहीत होतं. मी हात लावून बघितला होता. गार होती.”

पलीकडे भिंगरी मागे कुठेतरी मोठमोठ्याने काहीतरी मोजत होती.

“मी त्या दिवशी एवढंच विचारलं होतं,” लेक म्हणाली.

“हो.”

“एवढंच हवं होतं मला, बाबा. भिंत काय, भिंती होतात खराब.”

“हो,” तो पुन्हा म्हणाला. मग न राहवून त्याने विचारलं, “पण मग पेटी तू… ती टोमणा म्हणून नव्हती?”

“कसला टोमणा? चुकून आली ती. मोबाईलमध्ये पत्त्यांची यादी असते, घाईत मी पहिल्यावर बोट ठेवलं. पहिला पत्ता तुमचा आहे.”

“तुझ्या लग्नाला आठ वर्षं झाली.”

“झाली.”

“मग पहिला आमचा कसा?”

“कसा म्हणजे? तो कधी काढलाच नाही. बाकीचे त्याच्या खाली घालत गेले.” ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. “आणि मी इथे दहा दिवस डोकं फोडतेय. राग असता तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी पेटी परत धाडली असतीत. राग गेला असता तर फोन केला असतात. तुम्ही तर काहीच करेनात. मला अर्थच लागेना.”

“मलाही,” रंगारी म्हणाला, आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले ते त्याने रंगाच्या फडक्याने पुसले. गालावर तपकिरी रंगाचा एक फराटा उमटला.

फोन ठेवून तो बाहेर आला. बायको मशीनपाशी बसली होती, हात मांडीवर ठेवून.

“ती पेटी चुकून आली होती,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“माहितेय? कधीपासून?”

“त्या गुरुवारी मी तिच्याकडेच होते की. तिच्या मोबाईलवर निरोप आला, पेटी पोचली म्हणून. तिने पत्ता बघितला आणि कपाळाला हात लावला. मी समोरच बसले होते.”

“आणि तू मला दहा दिवस…! मी वेड्यासारखा पाणी मारत बसलो होतो!”

“तुमची आज्ञा,” बायको म्हणाली. मग जरा वेळाने, हसू आवरत, “शिवाय पहिल्यांदाच तुम्ही कुठल्या गोष्टीला दहा दिवस दिलेत. म्हटलं, मध्ये बोलू नये.”

पुढच्या गुरुवारी दोघं मिळून निघाली. रंगाऱ्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि मेलेली तर मेलेली, ज्याची वस्तू त्याला द्यावी, म्हणून पेटी कपाटावरून उचलली. उचलताना पलीकडे हाताला काहीतरी मऊ, गार लागलं. त्याने पेटी फिरवली. पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, पिशवीला हवेसाठी ठेवलेल्या भोकांतून पुठ्ठा ढकलून राखाडी पंख्यांचा झुबका बाहेर आला होता. मूठभर. जिथे त्याचा पत्रा पोचला नव्हता, ब्लीच पोचलं नव्हतं, आणि खुर्ची टाकून ज्या बाजूकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं, तिथे.

बसमध्ये ती पेटी त्याने मांडीवर धरली होती, झुबका वरच्या बाजूला करून. भिंगरीने दारातच ती हिसकावली, सतरा मश्रूम मोजली, पुन्हा मोजली तर एकोणीस भरली. ब्लीच लागलंय, खायची नाहीत हं, असं त्याने तिला तीनदा बजावलं. तिला खायची नव्हतीच. तिला ती बाईंना दाखवायची होती.

लेकीने मागच्या खोलीचं दार उघडलं. खोली रिकामी होती. पलंग कधीच बाहेर नेला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं. भिंत त्याने सोडली तशीच होती. पिवळा रंग, काळे ठिपके, पोपडे. दुसऱ्या कुणाचा हात तिच्यावर फिरलेला नव्हता.

“कुणाला बोलावलं नाहीस?”

“नाही,” लेक म्हणाली.

त्याने पत्रा काढला नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवली, भिंतीपाशी गेला आणि तळवा टेकला. बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला. मग जागा बदलून पुन्हा टेकला.

“किती दिवस लागतील?” लेकीने विचारलं.

चाळीस वर्षं हा प्रश्न लोकांनी त्याला विचारला होता, आणि चाळीस वर्षं त्याने पापणी न लववता आकडा सांगितला होता. तीन दिवस. आठवडा. रविवारच्या आत.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “आधी सगळं उतरवायचं, मग नुसतं उघडं ठेवायचं. रोज येऊन हात लावून बघावं लागेल.”

लेक बाहेर गेली, खण ओढल्याचा आवाज आला, आणि ती परत आली ती एक किल्ली घेऊन.

“मी सकाळी लवकर कामावर जाते,” ती म्हणाली. “ही तुमच्याकडे असू द्या.”